पहिल्या वर्षाचं इंग्रजी कोण चालवतं? अमेरिकी कॉलेजातल्या एका न दिसणाऱ्या नोकरीविषयी

मुलगी इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेला गेली की पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतं. कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीच्या मध्ये एक ओळ असते: फर्स्ट-इयर कॉम्पोझिशन. बाबा लगेच हिशेबाला बसतात. तीन क्रेडिट, डॉलरमध्ये इतके, रुपयांत तितके. "टोफेल दिली, बारावीला इंग्रजीत नव्वद पडले, आता परत निबंध कशाला?"

या जुन्या प्रश्नाला 30 नोव्हेंबर 2022 पासून जोडीदार मिळाला आहे. त्या दिवशी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून 'निबंध मशीन लिहितं, मग तो शिकवायचा कशाला' हे अमेरिकेतल्या कॉलेजांतही उघडपणे विचारलं जाऊ लागलं.

दोन्ही प्रश्न शेवटी एकाच माणसाच्या टेबलावर येतात. त्याला तिथे रायटिंग प्रोग्रॅम डायरेक्टर म्हणतात, आपण लेखन-संचालक म्हणू. प्राध्यापकांपैकीच एक असतो, बऱ्याचदा असते, आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला जो विषय घ्यावा लागतो तो चालवण्याची जबाबदारी तिच्यावर असते. ही नोकरी मिळते कशी, तिच्यात करायचं काय असतं आणि पाच-दहा वर्षं टिकून राहायचं कसं, हे समजलं की वरच्या दोन प्रश्नांची उत्तरंही बरीचशी हाती लागतात.

हा विषय मुळात आला कुठून

गोष्ट हार्वर्डपासून सुरू होते. 1874 मध्ये हार्वर्डनं प्रवेश परीक्षेत इंग्रजीत छोटा निबंध लिहिणं सक्तीचं केलं. उमेदवार चांगल्या घरांतले, चांगल्या शाळांतले आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारे. तरी मोठ्या संख्येनं नापास झाले. शाळांनी शिकवायला हवं होतं, असं कॉलेज म्हणालं. शाळा सुधारेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून 1885 मध्ये हार्वर्डनं पहिल्या वर्षाला 'इंग्लिश ए' हा सक्तीचा विषय लावला. बाकीच्या कॉलेजांनी तो उचलला. तात्पुरती सोय एकशे चाळीस वर्षं चालू आहे.

टोफेल दिलेल्या मुलीनं घाबरायचं कारण नाही ते यामुळेच. हा विषय परदेशी विद्यार्थ्यांचं इंग्रजी सुधारण्यासाठी जन्मलेला नाही. दहा लेख वाचून त्यांतले कोण कोणाशी भांडतंय हे ओळखणं, आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडणं, मसुदा दुसऱ्याला दाखवून मोडून पुन्हा लिहिणं, एवढं त्यात शिकवतात. लेखन-संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे कौन्सिल ऑफ रायटिंग प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सनं, 2000 साली पहिल्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवं याची यादीच काढली. 2014 मध्ये ती नव्यानं लिहिली. त्यात शुद्धलेखनाला आणि व्याकरणाला जागा आहे, पण यादीच्या टोकाला.

आधी गणित बघू

समजा एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला 3000 विद्यार्थी आले. लेखनाच्या वर्गाला तिथे सेक्शन म्हणतात, म्हणजे एक शिक्षक, एक वेळ, एक खोली. लेखन शिकवणाऱ्यांच्या देशव्यापी परिषदेची शिफारस अशी की एका सेक्शनमध्ये 20 पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, शक्यतो 15 च असावेत, आणि एका शिक्षकाकडे एका सत्रात एकूण 60 पेक्षा जास्त नकोत. वीसनं भागलं तर वर्षाला 150 सेक्शन होतात. शिकवणार कोण?

कायम प्राध्यापक फारसे नसतातच. बरेच सेक्शन टीए घेतात, म्हणजे एमए-पीएचडी करणारे विद्यार्थी, ज्यांची फी माफ होते आणि वर थोडं मानधन मिळतं. उरलेले अ‍ॅडजंक्टकडे जातात. अ‍ॅडजंक्ट म्हणजे आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नाव परकं, अवस्था ओळखीची: सेक्शनमागे पैसे, पुढच्या सत्राची हमी नाही, आणि पोट भरायला दोन-तीन कॉलेजांत धावपळ.

आता एका अ‍ॅडजंक्टची बाजू बघा. चार सेक्शन, 80 विद्यार्थी. प्रत्येकाचे सत्रात चार निबंध, एक निबंध वाचून त्यावर काही उपयोगाचं लिहायला 20 मिनिटं. 80 गुणिले 4 गुणिले 20, म्हणजे 6400 मिनिटं, जवळजवळ 107 तास. हे नुसतं अंतिम निबंध तपासण्याचं झालं. मसुदे, भेटी, तयारी, ईमेल वेगळं.

डीन, म्हणजे शाखेचा प्रमुख, हाच हिशेब दुसऱ्या बाजूनं करतो. सेक्शन वीसऐवजी पंचवीसचा केला तर 150 चे 120 होतात. तीस सेक्शन वाचले. एका सेक्शनला समजा 4000 डॉलर पडत असतील, तर 1 लाख 20 हजार डॉलर वाचले, एका सहीत. त्या सहीमुळे वरच्या अ‍ॅडजंक्टचे सत्रात आणखी सुमारे 27 तास जातात, पण ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नाहीत. लेखन-संचालकाच्या नोकरीचं सार काढायचं तर ते न दिसणारे 27 तास डीनला दिसतील अशा भाषेत मांडणं.

जुलै-ऑगस्टमध्ये काय होतं

अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी 1 मेपर्यंत कुठल्या कॉलेजात जायचं ते ठरवून अनामत रक्कम भरतात. पण भरलेले सगळे येत नाहीत आणि प्रतीक्षायादीतले काही अचानक येतात. खरा आकडा कळायला उन्हाळा सरतो. लग्नघरात तीनशे पानांचा अंदाज सांगितलेला असतो, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कोणीतरी येऊन सांगतं की पन्नास वाढलेत, आणि आचारी ठरवून झालेला असतो. लेखन-संचालकाचा ऑगस्ट असाच जातो. सहा सेक्शन वाढवा असा निरोप येतो. खोल्या रजिस्ट्रारकडे, पैसे डीनकडे, माणसं बाजारात. तिच्याकडे फक्त फोन.

त्याच आठवड्यात नवे टीए येतात. त्यातला कोणी तीन दिवसांपूर्वी पहिल्यांदा अमेरिकेत उतरलेला असतो. आठवडाभराच्या, कुठे त्याहूनही छोट्या ओरिएंटेशननंतर हा पोरगा वीस अमेरिकन अठरा वर्षांच्या मुलांसमोर एकटा उभा राहणार असतो. त्याला अभ्यासक्रम द्यायचा, पहिल्या दिवशी काय बोलायचं ते सांगायचं, गुण देताना हात कुठे आखडायचा आणि कुठे सोडायचा हे शिकवायचं. यासाठी नॉर्मिंग नावाचा प्रकार असतो: पंधरा-वीस शिक्षक एकाच खोलीत तेच चार निबंध वाचतात, प्रत्येकजण स्वतंत्र गुण देतो आणि मग गुण फळ्यावर मांडतात. एकाच निबंधाला कोणी ए दिलेला असतो, कोणी सी. कवितेचा अभ्यास करणाऱ्याला जे वाक्य धाडसी वाटलं तेच भाषाशास्त्रवाल्याला ढिसाळ वाटलेलं असतं. तासभर वाद होतो. एकमत होणं हा त्यामागचा हेतू नसतोच. आपण कशाला गुण देतो हे प्रत्येकाला मोठ्यानं बोलून दाखवावं लागतं, तेवढं पुरतं. माझ्या मते या सगळ्या नोकरीतला सगळ्यात जिवंत तास हाच.

बाकी वर्षभर गुणांच्या तक्रारी, चोरून लिहिल्याची प्रकरणं, शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसणं, पाठ्यपुस्तकं, कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या स्तरावर घालायचं याचा निर्णय, आणि मान्यता देणाऱ्या संस्थांना अहवाल. यांतल्या प्रत्येकावर वेगळा लेख होईल, इथे नुसती नोंद.

जबाबदारी भरपूर, अधिकार किती?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या आवारातलं. 1990 मध्ये तिथल्या लेखन-संचालक लिंडा ब्रॉडकी आणि त्यांच्या समितीनं पहिल्या वर्षाच्या 'ई 306' या विषयासाठी सगळ्या सेक्शनना समान अभ्यासक्रम बनवला. भेदभावाविषयीचे कोर्टाचे निकाल वाचायचे, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपासायचे आणि त्यावर लिहायचं. विद्यार्थ्यांवर राजकीय मतं लादली जातायत अशी ओरड झाली. काही सहकारी प्राध्यापकांनीच जाहीर विरोध केला, वर्तमानपत्रांत रकाने भरले, आणि विद्यापीठानं अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच पुढे ढकलला. 1991 च्या फेब्रुवारीत समितीनं राजीनामा दिला, पुढे ब्रॉडकीही दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. आणि गंमत बघा, त्यानंतर थोड्याच काळात त्याच विद्यापीठानं लेखनाचं खातं इंग्रजी विभागातून काढून स्वतंत्र केलं.

अभ्यासक्रम बरोबर होता की चूक यावर आजही दोन मतं आहेत. मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. गणिताच्या प्राध्यापकाचा अभ्यासक्रम सहसा गणितवालेच ठरवतात. लेखन मात्र सगळ्यांनाच कळतं असं सगळ्यांना वाटतं, त्यामुळे संचालकाच्या निर्णयात डीन, पालक, संपादक, माजी विद्यार्थी, कोणीही हात घालू शकतं.

टेन्युअरचं घड्याळ

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल. टेन्युअर म्हणजे प्राध्यापकाची जवळपास आयुष्यभराची कायम नेमणूक. नोकरीला लागल्यापासून साधारण सहाव्या वर्षी प्रकरण पुढे जातं. मंजूर झालं तर कायम. नाही तर आणखी एक वर्ष आणि मग निरोप. तपासतात तीन गोष्टी: संशोधन, अध्यापन आणि सेवा. संशोधनाच्या विद्यापीठांत या तिन्हींचं वजन सारखं नसतं. सेवेचं सगळ्यात कमी.

वर सांगितलेलं ऑगस्टमधलं सगळं काम कोणत्या रकान्यात जातं? सेवेच्या.

म्हणून नुकत्याच पीएचडी झालेल्या, टेन्युअर नसलेल्या माणसाला संचालक करणं हा या क्षेत्रातला जुना वादाचा मुद्दा आहे. तरी नेमणुका होत राहतात, कारण इंग्रजी विभागातले ज्येष्ठ साहित्याचे असतात आणि हे काम त्यांना नको असतं. नवा माणूस पाच वर्षं दीडशे सेक्शन उत्तम चालवतो आणि सहाव्या वर्षी समिती विचारते, "पण तुमचं पुस्तक कुठंय?"

लेखन-संचालकांच्या संघटनेनं यावर दोन दस्तऐवज काढले. 1992 चा पोर्टलँड ठराव म्हणतो की संचालकाच्या कामाचं लेखी वर्णन हवं, नोकरीची सुरक्षितता हवी, निर्णय घेणाऱ्यांपर्यंत थेट पोच हवी आणि बजेट हवं. 1998 चं निवेदन आणखी पुढे जातं: कार्यक्रम उभारणं, अभ्यासक्रम रचणं, शिक्षक घडवणं, मूल्यमापन करणं आणि यासाठी जे लिखाण होतं ते, ही बौद्धिक कामं आहेत आणि बढतीच्या वेळी तशीच मोजा. विद्यापीठांवर यातलं काही बंधनकारक नाही. पण वाटाघाटीला बसताना हातात छापील कागद असला की आवाज जरा वर चढतो, एवढं खरं.

या वाटेला लागतात कसे

पूर्वी कोणीही लागायचं. ज्याची पाळी आली तो. आता रेटरिक अँड कॉम्पोझिशन नावाची स्वतंत्र पीएचडी असते. ती करतानाच विद्यार्थी सहायक संचालक म्हणून वर्ष-दोन वर्षं काम करतात किंवा रायटिंग सेंटरमध्ये बसतात, जिथे कोणीही विद्यार्थी आपला मसुदा घेऊन येतो. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब 1976 ची. तिचं इंटरनेटवरचं रूप, औल, आपल्याकडच्या संशोधक विद्यार्थ्यांनीही संदर्भ कसे द्यायचे ते बघायला हमखास उघडलेलं असतं.

जाहिराती मुख्यतः शरद ऋतूत निघतात. मुलाखती होतात, आणि मग येतं नेमणुकीचं पत्र. अनुभवी लोक नव्यांना एकच सांगतात: जे काही मागायचं ते सही करण्याआधी आणि लेखी. काय मागायचं? पहिलं, कोर्स रिलीज, म्हणजे संचालकपदाच्या बदल्यात किती वर्ग कमी शिकवायचे. दुसरं, उन्हाळ्याचा पगार. अमेरिकेत प्राध्यापकांचा करार बऱ्याचदा नऊ महिन्यांचा असतो आणि संचालकाचं सगळ्यात जास्त काम बरोबर उरलेल्या तीन महिन्यांत असतं! हे पत्रात लिहून घेतलं नाही तर जुलै-ऑगस्ट फुकट जातात. तिसरं, पद किती वर्षांचं आणि संपल्यावर काय. आणि चौथं, सगळ्यात अवघड: टेन्युअरच्या वेळी हे काम कोणत्या रकान्यात मोजणार, हे विभागप्रमुखाच्या सहीनं.

कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजांत, चित्र वेगळं असतं. तिथे स्वतंत्र संचालक बऱ्याचदा नसतोच. पाच-पाच सेक्शन शिकवणारा विभागप्रमुखच हेही ओढतो.

टिकतात ते काय करतात

याला मिना शॉनेसी यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं ओपन अ‍ॅडमिशन सुरू केलं: शहरातल्या शाळेतून पास झालेल्या कोणालाही प्रवेश, तोही बिनफीचा. हजारो काळी, पोर्तोरिकन आणि गरीब गोरी मुलं पहिल्यांदा कॉलेजात आली. या युनिव्हर्सिटीतल्या सिटी कॉलेजात त्यांच्या लेखनाचा कार्यक्रम शॉनेसी चालवत होत्या. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, एमए होतं. भोवतालचे प्राध्यापक म्हणत होते की या मुलांना शिकवणं अशक्य आहे.

प्रवेशाच्या वेळी स्तर ठरवण्यासाठी लिहून घेतलेले निबंध एरवी निर्णय झाला की कपाटात जातात. शॉनेसींनी 1970 ते 1974 मधले असे सुमारे 4000 निबंध घेऊन ते वाचले, चुका वर्गवार मांडल्या, आणि दाखवून दिलं की चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे विचार असतो. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर 'डिड यू वेंट' म्हणणाऱ्या मुलाला भूतकाळ माहीत नाही असं नाही. नियम इतका पक्का माहीत आहे की तो दोनदा लावलाय. अशा मुलाला लाल शाईनं काहीच शिकवता येत नाही, त्याचा तर्क ओळखणाऱ्या शिक्षकाला येतं. 1977 मध्ये त्यांचं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक आलं आणि बेसिक रायटिंग नावाची अख्खी अभ्यासशाखा त्यातून उभी राहिली.

रोजच्या कारभाराचा जो कागद इतरांना ओझं वाटतो, त्यालाच संशोधनाचं साहित्य करायचं. आजही या पदावर जे लोक टिकून आहेत ते थोड्याफार फरकानं हेच करतात. एका शिक्षकाच्या प्रशिक्षणातून लेख निघतो, स्तर ठरवण्याची पद्धत बदलली तर आधीचे आणि नंतरचे निकाल ठेवून दुसरा लेख. समितीच्या 'पुस्तक कुठंय' या प्रश्नाला उत्तर आधीपासून तयार होत राहतं. शिवाय तेच आकडे डीनपुढेही चालतात. सेक्शन वाढवू नका असं नुसतं म्हटलं तर ती कुरकुर ठरते. वीसच्या आणि पंचवीसच्या वर्गात किती विद्यार्थी मध्येच सोडून गेले आणि प्रत्येक सोडून जाणाऱ्याची किती फी बुडाली, हे मांडलं की बैठक होते.

पण याचीही मर्यादा सांगायला हवी. 1975-76 मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं, सिटी युनिव्हर्सिटीत फी सुरू झाली, तात्पुरते शिक्षक मोठ्या संख्येनं घरी बसले. शॉनेसींचं काम कितीही चांगलं असलं तरी त्यापुढे चाललं नाही. 1978 मध्ये त्या कर्करोगानं गेल्या. चांगल्या कार्यक्रमालाही बाहेरचा पैसा आटला की कोणी वाचवत नाही, हे या वाटेला लागणाऱ्यानं आधीच धरून चालावं.

दुसरी सवय जरा रूक्ष वाटेल: सगळं लिहून ठेवणं. कोणाला कोणता सेक्शन का दिला, तक्रार कशी मिटवली, कोणत्या महिन्यात काय करायचं. यामुळे संचालक रजेवर जाऊ शकते, पद सोडू शकते आणि मुख्य म्हणजे आपल्याशिवाय काही चालत नाही या फुशारकीत अडकत नाही. तीन ते पाच वर्षांनी पद दुसऱ्याकडे देऊन परत नुसतं शिकवायला जाणं कमीपणाचं नाही. काही तिथून डीन होतात, काहींना पुन्हा फाइल बघायची नसते.

"व्याकरण शाळेतच नको का शिकवायला?"

हार्वर्डही 1874 मध्ये हेच म्हणत होतं. पण 1963 मध्ये अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनं तोवरच्या संशोधनाचा आढावा छापला, त्यातला निष्कर्ष अनेकांना झोंबला: व्याकरणाचे नियम सुटे शिकवल्यानं लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याच्या सरावाचा वेळ खाल्ला जात असल्यानं नुकसान होऊ शकतं. सर्किटचा अहवाल लिहिताना अडचण येते ती 'निरीक्षण' कुठे संपतं आणि 'अनुमान' कुठे सुरू होतं याची. ती अडचण ज्या वर्षी येते त्याच वर्षी सोडवावी लागते. दहावीत आगाऊ शिकून ठेवता येत नाही.

"मग सक्ती तरी काढा"

हे म्हणणारे बाहेरचेच आहेत असं नाही. शॅरन क्रॉली या याच क्षेत्रातल्या नामवंत अभ्यासक. सक्ती रद्द करा असं त्यांनी वर्षानुवर्षं मांडलं. त्यांचा युक्तिवाद असा की सक्ती आहे म्हणून हजारो सेक्शन लागतात, ते भरायला स्वस्त शिक्षक लागतात, आणि सगळं शोषण त्या सक्तीवर उभं आहे. मला यातलं निदान पटतं, औषध पटत नाही. सक्ती गेली तर ज्यांना गरज आहे तेच विद्यार्थी आधी हा विषय टाळतील, आणि अ‍ॅडजंक्टला चांगली नोकरी मिळण्याऐवजी आहे तीही जाईल. पण क्रॉलींना उत्तर देता येत नसेल तर संचालकानं त्या खुर्चीत बसू नये.

"एआय लिहितंय ना आता"

2023 च्या पहिल्या सत्रात संचालकांच्या टपालात एकच विषय होता. शिक्षक म्हणत होते की बंदी घाला. डीन म्हणत होते की वापरायला शिकवा. मधे कंपन्या आपलं पकडयंत्र, म्हणजे मजकूर एआयनं लिहिलाय का ते ओळखण्याचा दावा करणारं सॉफ्टवेअर, विकायला उभ्या. त्याच वर्षी मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना आणि लेखनशिक्षकांची परिषद यांच्या संयुक्त कृतिगटानं पहिलं टिपण काढलं, त्याचा सूर घाईनं पकडापकडी करू नका असाच होता.

पकडयंत्रांचं काय झालं ते आपल्या मुलांच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात यंत्रांना टोफेलचे 91 निबंध दिले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी 'मशीननं लिहिलेले' ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचे ठरले. मोजके शब्द, साधी, नियमात बसणारी वाक्यं, म्हणजे परक्या भाषेत जपून लिहिणारा जसं लिहितो तसं, त्यालाच यंत्र संशयित मानतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं पकडयंत्र जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. ऑगस्टमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठानं टर्निटिन या लेखनचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय बंद केली.

दीडशे सेक्शनमध्ये हे यंत्र वापरायचं की नाही, वापरलं तर त्याच्या आकड्याला पुरावा मानायचा की नुसती शंका, हे धोरण लिहायचं काम बऱ्याच ठिकाणी लेखन-संचालकाकडे आलं. निबंध मशीन लिहू शकतं यात वाद नाही. पण विद्यार्थ्यानं विचार केला का, हे तपासायला आता मसुदे बघावे लागतात, समोर बसवून चार प्रश्न विचारावे लागतात, आणि त्याला 20 चा वर्ग लागतो, 25 चा नाही. एआयमुळे वर्ग मोठे करता येतील असं समजणाऱ्या डीनला संचालकानं हा हिशेब दाखवायचा असतो.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

भारतात अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखनाचं स्वतंत्र केंद्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात भाषेसाठी 'एबिलिटी एन्हान्समेंट' नावाचे विषयही आले. पण विषय कागदावर येणं आणि तो चालवायला वेळ, बजेट आणि अधिकार असलेला एक माणूस असणं, यात अंतर आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत तो माणूस नाही.

त्यामुळे इथून एमए करून अमेरिकेत इंग्रजीच्या पीएचडीला गेलेल्या मुला-मुलींना तिथे पहिलाच साहेब लेखन-संचालक भेटतो, आणि आपण त्याच्या हाताखालचे शिक्षक आहोत हे पचायला आठवडा लागतो. त्यांनी ओरिएंटेशनलाच विचारून घ्यावं: माझ्या वर्गाचा कमाल आकडा किती, एआयविषयी कार्यक्रमाचं लेखी धोरण काय, आणि विद्यार्थ्यानं गुणांवर वाद घातला तर माझ्यामागे कोण उभं राहतं.

आणि वेळापत्रक पाठवणाऱ्या मुलीसाठी: 'हे तू लिहिलेलं नाहीस' असा आरोप झाला तर आधी शिक्षकाशी बोलायचं, तिथे सुटलं नाही तर थेट डीनकडे धावण्याआधी लेखन-संचालकाची वेळ मागायची, बहुतेक ठिकाणी ती पायरी असतेच. जाताना गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी उघडी ठेवायची, हातानं खरडलेली टिपणं सोबत न्यायची, आणि पकडयंत्राचा आकडा कार्यक्रमाच्या धोरणात पुरावा मानला जातो का, हे शांतपणे विचारायचं.